राखाडी पट्टी

रेसिडेंट डॉक्टरांच्या कामाचे तास फोनवरून मोजायचं ठरलं, तेव्हा मी एम.डी. मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला होते. हॉस्पिटल धुळ्याला. त्याचं नाव इथे घेत नाही, माणसांचीही घेत नाही. मला जे सांगायचं आहे त्यात कोणाला दोषी धरावं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी मूळची फैजपूरकडची. घरी केळी. घराण्यात डॉक्टर झालेली मी पहिलीच, त्यामुळे माझे वडील केळी भरायला आलेल्या ट्रकवाल्यालाही थांबवून सांगायचे, ‘आमची पोर धुळ्याला मोठी डॉक्टर होऊ राहिली.’ ते फोनवर विचारायचे, ‘काम किती असतं बेटा?’ मी सांगायची, ‘असतं तसं, ऑफिससारखंच.’ त्यांना ते खरं वाटायचं. ऑफिसात गेलेलं कोणी आमच्या घरात नव्हतं.

तोवर आमचे तास एका रजिस्टरमध्ये राहत होते. महिना संपताना कोणीतरी एकजण बसून सगळ्यांच्या नावापुढे सारखेच आकडे भरायचा आणि आम्ही खाली सह्या ठोकायचो. त्या आकड्यांकडे कोणी बघत नसे. मग समाजवैद्यक विभागात एक तरुण सर लेक्चरर म्हणून आले. बारीक अंगाचे, बोलताना सारखा चष्मा वर सरकवणारे. एका दुपारी ते आमच्या मेसमध्ये आले आणि ताटांच्या मधे उभे राहून बोलू लागले.

‘मला तुमचे खरे तास हवेत. ॲप फोनमध्ये टाकायचं, बाकी काही करायचं नाही. फोन कुठे आहे आणि हलतोय का, एवढंच ते बघतं. हे तुमच्यावर नजर ठेवायला नाही. तुमच्या बाजूने काही बोलायचं असेल तर माझ्या हातात काहीतरी पाहिजे ना.’

सरांचा चेहरा इतका सरळ होता की आम्ही जवळजवळ सगळ्यांनी ते ॲप टाकलं. फोन हॉस्पिटलच्या आवारात असेल तर ॲपमधली दिवसाची पट्टी हिरवी, बाहेर गेला तर पांढरी, आणि कुठेही असो, बराच वेळ हलला नाही तर राखाडी. राखाडी म्हणजे विश्रांती. संध्याकाळी पाच चेहरे यायचे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि खाली प्रश्न असायचा, ‘आज किती थकलात?’ आपण एका चेहऱ्यावर बोट ठेवायचं.

पहिल्या काही आठवड्यांत मला एवढंच कळलं, की माझी पट्टी सगळ्यांत हिरवी आहे. आमच्या युनिटात पहिल्या वर्षाचे आम्ही तिघं. त्यातला एक एरंडोलचा, माझ्याच बॅचचा, दिलखुलास मुलगा. आम्ही जेवताना एकमेकांचे फोन बघायचो. त्याची पट्टी संध्याकाळी पांढरी व्हायची, माझी हिरवीच. आमच्या सीनियरने एकदा माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाला, ‘काम तेवढंच आहे सगळ्यांना. तू स्लो आहेस.’

तो वाईट हेतूने बोलला नव्हता. तरी तो शब्द माझ्या अंगाला चिकटला. मी खरंच हळू होते का? पेशंटला दोनदा विचारत होते, नातेवाइकांना परत परत समजावत होते, रिपोर्ट स्वतः जाऊन आणत होते. पण ते सगळं हिरव्या रंगात कुठे दिसतं? मी फोन उलटा ठेवू लागले. जेवताना कोणी ‘बघू तुझं’ म्हणालं की मला शाळेत पाठीमागून प्रगतिपुस्तक ओढल्यासारखं व्हायचं.

त्याच महिन्यात जळगावला मेहरूणमध्ये माझ्या चुलतबहिणीचा साखरपुडा होता. आम्ही दोघी एका घरात वाढलेल्या. तिने आधीच बजावून ठेवलं होतं, ‘मेंदी तूच काढायची. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही.’ मी ड्युटी संपवून सकाळी तशीच बसमध्ये चढले, उभ्यानेच जळगावला आले, रिक्षाने काकूच्या घरी पोचले. घर पाहुण्यांनी भरलेलं. काकू म्हणाली, ‘आत जाऊन जरा तोंड धुऊन घे.’ मी आतल्या खोलीत गेले. पलंगावर आहेराच्या साड्यांचा ढीग होता. त्याच्या कडेला टेकले, साडी नेसायला पिनांची डबी हातात घेतली.

जाग आली तेव्हा बाहेर भांडी आवरल्याचा आवाज येत होता. अंगठ्या घालून झाल्या होत्या, फोटो काढून झाले होते, पंगती उठल्या होत्या. पिनांची डबी तशीच माझ्या हातात. कोणीतरी माझ्या अंगावर चादर घातली होती. ती आईने घातली असावी, कारण ती एका कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती.

‘दोनदा हाक मारली,’ आई म्हणाली. ‘तू हूं म्हटलं आणि परत वळली.’

काकू दारातूनच म्हणाली, ‘झोप झाली का डॉक्टरीणबाईंची? नवरदेवाकडचे विचारू राहिले होते, डॉक्टर बहीण कुठे. काय सांगायचं आम्ही? डॉक्टर झालं म्हणजे माणूस नात्यातून उठतं का?’

बहिणीच्या हातावरची मेंदी दुसऱ्या कोणीतरी काढली होती आणि चांगली काढली होती. मी फोन उघडला तर ॲपवर हिरवा अंगठा आला होता, ‘आज भरपूर विश्रांती मिळाली. छान!’ मला तो फोन मेहरूणच्या तलावात टाकावासा वाटला. वडिलांनी मात्र परतीच्या बसपर्यंत सोडताना केळीच्या वेफर्सची पिशवी हातात दिली आणि हळूच विचारलं, ‘ऑफिसासारखं नाही ना ग ते?’ मी म्हटलं, ‘तसंच आहे आबा, कालचा दिवस जरा जास्त होता.’

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या पुरुष वॉर्डात साक्रीकडचे एक आजोबा भरती झाले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. हृदय कमजोर, छातीत पाणी, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. धाप लागत होती तरी माणूस टापटिपीचा. रोज सकाळी बायकोला छोटा आरसा धरायला लावून दाढी करायचे, टोपी उशाशी नीट घडी घालून ठेवायचे. राउंडला आम्ही गेलो की बसता येत नसतानाही बसायचा प्रयत्न करायचे. मी त्यांनाही वडिलांसारखं आबाच म्हणायची. ते मला बेटा म्हणायचे. त्यांची बायको, अक्का, अस्सल अहिराणी बोलायची आणि मला बघितलं की पहिला प्रश्न एकच, ‘जेवनी का बेटा?’ मी हो म्हणायची. तिला ते पटायचं नाही. ती माझ्या खिशात शेंगदाण्याची पुडी कोंबायची.

त्या दिवशी माझी ड्युटी आदल्या सकाळपासून चालू होती. दुपारी आबांची धाप वाढली. मी त्यांना लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. ते दिलं की अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जातं आणि छाती मोकळी होते. पण रक्तदाब खाली जातो का, हे बघत राहावं लागतं. म्हणून मी स्टूल ओढून त्यांच्या पायांशी बसले. वॉर्डात एकच सिस्टर, ती दुसऱ्या टोकाला रक्त लावत होती. दाब तपासला, चांगला होता. धापही कमी होत होती. सूज किती आहे हे बघायला मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. दाबून धरायचा आणि सोडला की किती खोल खड्डा राहतो ते बघायचं, अशी ती रीत असते.

अंगठा दाबला एवढं मला आठवतं.

नंतर कोणीतरी खांदा हलवत होतं. ‘मॅडम. मॅडम, उठा.’ सिस्टर होती. माझं डोकं आबांच्या पायावर होतं. गाल त्यांच्या नडगीवर, चष्मा वाकडा. वॉर्ड विलक्षण शांत होता. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा नातू, जो दिवसभर मोबाइलवर मोठ्याने गाणी लावायचा, तोही गप्प बसला होता. अक्का माझ्या मागे उभी राहून पदराने मला वारा घालत होती. आणि मला ओल जाणवली. माझ्या कोपराखाली चादर ओली होती. वासही आला.

मी ताडकन उठले. आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

‘माफ करा बाई,’ ते भिंतीला म्हणावं तसं म्हणाले. ‘धरता उनं नही.’

मला क्षणभर काहीच कळेना. मग अक्काने सांगितलं, तेही आवाज खाली ठेवून, जणू मी अजून झोपलेलीच आहे. ‘मी म्हटलं, उठाडते पोरीले. तर म्हने, नको, थकेल शे ती, निजू दे. मी भांडं आनलं तर म्हने, पोरीच्या तोंडापाशी? काही लाज शे का तुले?’

मीच दिलेलं इंजेक्शन होतं ते. त्याची लघवी अडवून धरणं म्हणजे काय असतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. तो माणूस पाय न हलवता पडून राहिला होता, कारण पाय हलवला असता तर मी जागी झाले असते. एवढ्या वेळात त्याला कितीदा वाटलं असेल, की आता उठेल, आता उठेल. सगळा वॉर्ड बघत होता आणि सगळा वॉर्ड माझ्यासाठी गप्प होता. बठ्ठा चूप ऱ्हा, असं अक्कानेच सगळ्यांना सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी डॉक्टरांच्या आवाजात म्हटलं, ‘काही नाही आबा, या इंजेक्शनने असं होतंच.’ तो आवाज कुठून आला कोण जाणे. सिस्टरने वॉर्डबॉय मामांना बोलावलं. ते चादर बदलू लागले तेव्हा मला आबांचा पाय दिसला. सुजलेल्या नडगीवर माझ्या चष्म्याच्या काडीचा ठसा उमटला होता. लांब, खोल, स्वच्छ. तो हळूहळू भरत होता. अक्काने त्यावर नवी चादर ओढली.

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि आरशात पाहिलं. मला रडू येईल असं वाटलं होतं. पण माझ्या शरीराला फार बरं वाटत होतं. डोळे हलके झाले होते, डोकं स्वच्छ झालं होतं, भूक लागली होती. कित्येक दिवसांत इतकी चांगली झोप लागली नव्हती. मला लाज वाटली ती तिथे, नळापाशी. एका म्हाताऱ्या माणसाचा मान घेऊन माझं शरीर ताजंतवानं झालं होतं आणि त्या शरीराला त्याचं काही वाटत नव्हतं.

संध्याकाळी फोनवर पाच चेहरे आले. आज किती थकलात? मी खरं तेच सांगायचं म्हणून दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. थोडासाच. वरच्या पट्टीत भर दुपारी राखाडी रंगाचा एक जाड तुकडा होता. ॲप खोटं बोलत नव्हतं. माझ्या ॲप्रनच्या खिशात फोन तेवढा वेळ खरंच हललेला नव्हता.

आबा बरे झाले. सूज उतरली, छाती मोकळी झाली, आठवडाभरात घरी गेले. तोवरच्या राउंडला मी त्यांच्या खाटेपाशी उभी राहायची, पण आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. मी केसपेपरकडे बघून विचारायची, ते खिडकीकडे बघून उत्तर द्यायचे. अक्का मात्र तशीच होती. जाताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

काही दिवसांनी सरांनी पहिला अहवाल मांडला. सेमिनार हॉलमध्ये आम्ही सगळे, पुढे आमच्या विभागप्रमुख मॅडम. मॅडम कडक, पण अन्यायी नाहीत. शिकवायला उभ्या राहिल्या की आम्ही भान हरपून ऐकायचो. सरांनी पडद्यावर पट्ट्या दाखवल्या. नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. तास रजिस्टरपेक्षा खूपच जास्त निघाले होते, हे सर सांगत होते, चष्मा वर सरकवत, जरा घाईने.

मॅडम म्हणाल्या, ‘तास जास्त आहेत, मान्य. पण मधेमधे हे राखाडी बरंच दिसतंय. म्हणजे विश्रांती मिळते आहे. हे बघा की, भर दुपारी. चांगली लांबलचक.’ त्यांच्या हातातला लाल ठिपका पडद्यावर एका जाड तुकड्याभोवती फिरला. ‘आणि त्या दिवशी थकवाही कमी नोंदवलाय. आमच्या वेळी दुपारी खुर्ची मिळाली तरी सण वाटायचा.’

हॉलमध्ये हसू पसरलं. मागून कोणीतरी म्हणालं, ‘कोण आहे हा भाग्यवान?’ मीही हसले. सगळे हसत असताना एकटीच गप्प बसले असते तर ओळखलं गेलं असतं. एरंडोलच्या माझ्या मित्राने माझ्याकडे पाहिलं. तो त्या दुपारी वॉर्डात येऊन गेला होता. त्याला माहीत होतं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘बोलायचं होतंस ना.’

‘काय बोलू? सगळ्यांसमोर?’

‘मग मी सांगू का?’

‘तू बोललास तर मी परत तुझ्याशी बोलणार नाही,’ मी म्हटलं आणि निघून गेले.

पण तो लाल ठिपका डोळ्यांपुढून जाईना. दोन दिवसांनी मी सरांच्या खोलीत गेले. ते डबा उघडून बसले होते, शेवभाजी आणि पोळी. मला बसायला सांगितलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. आबांचं, अक्काचं, चादरीचं. सांगताना मी टेबलावरच्या मिठाच्या पुडीकडे बघत होते. सरांनी घास खाली ठेवला आणि डबा बंद केला.

‘फोन निजला की माणूस निजला असं मी धरलं,’ ते म्हणाले. ‘कुठे निजला हे विचारलंच नाही.’

‘मग आता विचारा.’

त्यांनी विचारलं. पट्टी राखाडी झाली की नंतर फोनवर एक प्रश्न यायचा, ‘कुठे?’ आणि खाली लिहायला एक ओळ. आम्ही लिहू लागलो. सुरुवातीला एखाददुसरा, मग सगळेच. लिफ्टशेजारच्या स्ट्रेचरवर. एक्स-रेच्या रांगेत भिंतीला टेकून. पार्किंगमध्ये गाडीवर बसल्या बसल्या, हेल्मेट घालूनच. कोणाच्या लक्षात आलं नसावं, पण खोली किंवा पलंग हा शब्द फार क्वचित यायचा. सरांनी मला मागच्या त्या दुपारचंही उत्तर लिहायला सांगितलं. मी लिहिलं, ‘पेशंटच्या पायावर.’

दुसऱ्या बैठकीत मॅडम ती उत्तरं एकेक करून मोठ्याने वाचत होत्या. आधी थोडं हसू झालं, मग ते थांबलं. माझ्या ओळीवर त्या अडखळल्या.

‘हे काय आहे? पेशंटच्या पायावर म्हणजे?’

सर खाली बघत होते. मला वाटलं, ही माणसं हे गमतीने घेतील आणि पुढच्या ओळीवर जातील. मी उभी राहिले. आधी ठरवलं नव्हतं. मी सांगितलं. इंजेक्शन, झोप, आणि तो माणूस कसा पडून राहिला, ते. चादरीचंही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थच नव्हता. हॉल अगदी शांत होता. तशीच शांतता मी वॉर्डात ऐकली होती.

मॅडमनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. ‘बसा,’ एवढंच म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

त्यानंतर ड्युटी लावायची पद्धत बदलली. रात्रपाळी करून आलेल्याने सकाळचा राउंड आणि ओपीडी आटोपली की जायचं, उरलेलं काम दुसऱ्या युनिटने बघायचं. फार मोठी गोष्ट नव्हे, पण आमच्यासाठी अर्धा दिवस म्हणजे खूप होतं. मुलं मला येऊन थँक्यू म्हणायची. एका मुलीने तर मिठी मारली. मला प्रत्येक वेळी अंग चोरावंसं वाटायचं. तो अर्धा दिवस मी मिळवला नव्हता. तो ज्याने मिळवून दिला त्याला हे माहीतही नव्हतं, असं मी धरून चालले होते.

मग एका सकाळी ओपीडीत मी मान वर केली तर समोरच्या गर्दीत आबा दिसले. पांढरा सदरा, टोपी, दाढी गुळगुळीत. सोबत अक्का. तपासणीसाठी आले होते. ते माझ्या रांगेत नव्हते. शेजारच्या टेबलाची रांग माझ्यापेक्षा दुप्पट लांब होती, तिच्या शेवटी उभे होते. मला वाटलं, त्यांना मी दिसले नसेन. मी उठून गेले.

‘आबा, इकडे या ना. माझ्याकडे गर्दी नाही.’

‘नको मॅडम,’ ते म्हणाले, ‘इथेच बरं आहे.’

मॅडम. आणि बोलणंही शुद्ध, तिकिटाच्या खिडकीवर बोलतात तसं. अक्का काहीतरी बोलणार होती, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात माझ्या टेबलापाशी उभे असलेले दोन इंटर्न एकमेकांशी बोलले. हळू बोलले असं त्यांना वाटलं असावं. ‘हेच ना ते? चादरवाले आजोबा?’

आबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यावरून मला कळलं, की हे ते पहिल्यांदा ऐकत नव्हते.

मी पेशंट बघत राहिले. हात चालत होते. ओपीडी उरकून बाहेर धावले तर ते दोघं समोरच्या थांब्यावर बसची वाट बघत होते. ऊन चढलं होतं. अक्का पदर डोक्यावर घेऊन सावलीला खाली बसली होती, आबा उभे होते.

‘आबा,’ मी म्हटलं, ‘मी मीटिंगमध्ये सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही. पण तुम्हाला न विचारता सांगितलं.’

ते रस्त्याकडे बघत राहिले. ‘गेल्या टायमाला आलो तेव्हाच एक मामा बोलला. मला म्हणे, आबा, तुमच्यामुळे डॉक्टर लोकांना सुट्टी भेटली.’ मग त्यांनी विचारलं, ‘खरं आहे का?’

‘हो. अर्धा दिवस.’

‘मग झोपता का आता?’

‘झोपते.’

त्यांनी मान हलवली. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात थोडा वर केला, गाडीला थांब म्हणतात तसा.

‘एक काम करा,’ ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज बदलला, बोलणंही घरचं झालं. ‘मन्हा गावनी एक पोर आठेच नर्सिंगले शे. मन्हा दोस्तनी नात. तिले समजाले नको. बाकी बठ्ठासले समजू द्या.’

‘तिला नाही समजणार,’ मी म्हटलं.

बस आली. त्यांनी आधी अक्काला हात देऊन चढवलं, मग आपण चढले. मी अक्काला हात केला, तिनेही केला. बस साक्रीच्या दिशेने गेली आणि मी तिथेच उभी राहिले. तो माझ्या हक्काचा अर्धा दिवस होता. मी होस्टेलवर जाऊन पडले, पण झोप आली नाही.

त्या आठवड्यात मी चौकशी केली. आबांच्या गावची ती मुलगी इथेच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि तिची शिकाऊ ड्युटी आमच्याच पुरुष वॉर्डात लागत होती. त्या दुपारी ती होती की नव्हती हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. ती अजून इथेच असते, बहुतेक दिवस दिसते. लांब वेणी, टोपीखाली नीट बसवलेली, कामाला चोख. मला बघितलं की ट्रे बाजूला घेऊन वाट देते आणि ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणते. तिला माहीत आहे की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कधी कळत नाही. मी गुड मॉर्निंग म्हणते आणि केसपेपर चाळत पुढच्या खाटेकडे जाते.